शिष्याची वृत्ती : शहापूर-मुरबाडच्या मुलांची कला आणि तिचा आश्रय

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या कोणत्याही शाळेत ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द उच्चारला की गुरुजींच्या आणि पालकांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट उभी राहते : स्कॉलरशिपची परीक्षा. पूर्वी ती चौथी आणि सातवीला असे. २०१६-१७ पासून काही वर्षे ती पाचवी आणि आठवीला होती. भाषा, गणित, बुद्धिमत्ता चाचणी, जादा तास, सराव प्रश्नपत्रिका आणि शेवटी गुणवत्ता यादी. या यादीत आलेल्या मुलाचा सत्कार ग्रामसभेत होतो, फलकावर नाव लागते. पण जो मुलगा सप्ताहात रात्रभर पखवाज वाजवतो आणि एकदाही ठेका सोडत नाही, जी मुलगी आजीच्या मागे बसून लग्नातले सगळे धवळे पाठ म्हणते, त्यांच्यासाठीही शिष्यवृत्ती असू शकते हे इथे फारसे कोणाच्या मनात येत नाही.

वास्तविक हा शब्द दोन जुन्या शब्दांतून आला आहे. ‘वृत्ती’ म्हणजे उपजीविका, चरितार्थाचे साधन. जोशाची वृत्ती, गुरवाची वृत्ती असे आपण म्हणत आलो. देवळात सनई-चौघडा वाजवणाऱ्या गुरवाला गाव धान्य देई, कुठे जमीन लावून दिलेली असे. म्हणजे वाद्य वाजवण्याबद्दल पोट भरण्याची सोय ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. फक्त ती वृत्ती जन्माने मिळे. गुरवाच्या मुलाला ती मिळे, महाराच्या किंवा ठाकराच्या मुलाला ती मिळत नसे, मग त्याचा कान कितीही तयार असो. शिष्यवृत्तीने या जुन्या व्यवस्थेत बदल केला तो इथेच : पैसा जातीला नव्हे, शिकणाऱ्याला. हा बदल कसा घडत गेला आणि ठाणे जिल्ह्याच्या या दोन डोंगरी तालुक्यांपर्यंत येताना त्याचे काय झाले, हे मला या लेखात पाहायचे आहे.

सोळा रुपये दरमहा

गाणे शिकणाऱ्या मुलाला नियमित रक्कम देण्याची रीत महाराष्ट्रात संस्थानांनी घातली. विष्णू दिगंबर पलुस्कर यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १८७२ मध्ये कुरुंदवाडला जन्मलेल्या या कीर्तनकाराच्या मुलाचे डोळे लहानपणी दारूकामात अधू झाले. पुस्तकी शिक्षण अशक्य झाले आणि मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने त्यांना बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकता आले. हा आश्रय नसता तर पुढचा इतिहास निराळा झाला असता. पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. राजाच्या मर्जीवर नव्हे, लोकांच्या वर्गणीवर आणि विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालणारी गाण्याची शाळा, हे त्यांचे स्वप्न होते. गंमत अशी की, त्याच शाळेत शिकायला निघालेल्या एका लहान मुलामागे पुन्हा एक संस्थानच उभे राहिले. १९०७ मध्ये विनायकराव पटवर्धन लाहोरला गेले तेव्हा ते नऊ वर्षांच्या आसपासचे होते, आणि मिरजेच्या अधिपतींनी त्यांना दरमहा १६ रुपयांची शिष्यवृत्ती दिली होती.

या सोळा रुपयांकडे मी थोडे थांबून पाहतो. ही रक्कम बक्षीस नव्हती. मुलाने परगावी राहावे, तिथे जेवावे आणि पूर्ण वेळ शिकावे यासाठी ती होती. तिच्या मागे तीन गोष्टी गृहीत होत्या : मूल लहान आहे, गुरू दूर आहे, आणि घरच्यांना हा खर्च झेपणार नाही. पुढे याच विनायकरावांनी पुण्यात शेकडो विद्यार्थी घडवले. बडोद्यात सयाजीरावांच्या काळात मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली, तीही याच विचाराच्या दुसऱ्या टोकाची : एकेका मुलाला दूर पाठवण्याऐवजी शाळाच शहरात आणायची. कोल्हापुरात शाहू महाराजांनी गवयांना, नटांना, मल्लांना पोसले. आज पश्चिम महाराष्ट्रातल्या संगीताची जी समृद्धी आपण सांगतो तिचा बराच भाग या पाच-सहा खजिन्यांतून आलेला आहे.

शहापूर-मुरबाडला असा खजिना कधी लाभला नाही. १८१७-१८ मध्ये पेशवाई कोसळली आणि उत्तर कोकण इंग्रजांच्या थेट अमलाखाली गेले. जिल्ह्यात संस्थान म्हणावे असे एकच, जव्हारचे मुकणे घराण्याचे. शहापूर तालुक्याला जुन्या कागदांत ‘कोळवण’ म्हणत आणि १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये मोखाडा हा शहापूरचाच पेटा म्हणून नोंदलेला आहे. या प्रदेशाबद्दल सरकार लिहीत होते ते जंगल, सारा, दारू, वाटा आणि जाती-जमातींविषयी. कलेवर खर्च करावा अशी इथे कोणाची जबाबदारीच नव्हती. मिरज आणि मुरबाड यांच्यातला पुढचा सगळा फरक इथून सुरू होतो. तो प्रतिभेतला नाही. आश्रयातला आहे.

गावाने पोसलेली कला

आश्रय नव्हता म्हणून कला नव्हती असे मात्र नाही. ती दरबाराऐवजी गावाच्या वर्षचक्रावर जगली. माळशेज, नाणेघाट, सिद्धगड, माहुली या डोंगरांच्या कुशीत ठाकर, महादेव कोळी, कातकरी आणि वारली यांच्या वाड्या-पाडे आहेत; खाली सपाटीला कुणबी आणि आगरी गावे. ठाकरांचा कांबड नाच, गौरीचा नाच, वारल्यांचा तारप्यावरचा नाच, जव्हार-मोखाड्याकडचा मुखवट्यांचा बोहाडा, कुणबी-आगरी लग्नांतले धवळे, आणि गावोगावचे वारकरी भजन. म्हशाच्या खांबलिंगेश्वराच्या पौषातल्या जत्रेला बैलबाजार आणि घोंगड्यांइतकीच तमाशाचीही ओढ असे. ल. ना. चापेकर यांनी सह्याद्रीतल्या ठाकरांवर लिहिलेला ग्रंथ १९६० मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. या लोकांचे जगणे अभ्यासाचा विषय आहे, हे तेव्हा विद्यापीठांना कळले. शाळांना ते कळायला अजून वेळ होता.

या कला शिकण्याची रीत पाहा. तारपा दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांचा बनतो. तो वाजवणाऱ्याला श्वास न तोडता फुंकत राहावे लागते. नाकाने हवा आत आणि गालांतली हवा बाहेर. हे कोणी वर्गात बसवून शिकवत नाही. भात पिकायला लागले की तारपा निघतो, मुले नाचाच्या साखळीच्या शेपटाला लागतात, पुढच्याचा पाय पाहून पाय टाकतात, आणि त्यांतला एखादा नाचणे सोडून वाजवणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसतो. तोच पुढचा तारपकरी. निवड अशी होते. तिला परीक्षक नाही, अर्ज नाही, पण ती निवड नाही असेही नाही.

धवळ्यांचेही तसेच. महानुभावांच्या महदंबेने तेराव्या शतकात धवळे रचले, म्हणजे मराठीतल्या पहिल्या कवयित्रीची रचना याच लग्नगीताच्या जातीची आहे. साडेसातशे वर्षे हा प्रकार बायकांच्या स्मरणावर तरला. धवलारीण लग्नघरी बोलावली जाई, तिला मान आणि लुगडे-तांदूळ मिळे. तिच्या मागे झील धरणाऱ्या पोरीतून पुढची धवलारीण तयार होई.

या सगळ्यात तीन वैशिष्ट्ये आहेत आणि ती पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवावी लागतील. पहिले, ही कला एकट्याची नसते. साखळीतला एक काढला तर नाच उरत नाही. दुसरे, तिला ऋतू असतो. गौरीचा नाच उन्हाळी सुटीत करून दाखव म्हटले तर म्हातारी माणसे हसतात. तिसरे, तिचा मोबदला गाव वाटून देते. शिष्यवृत्ती नेमकी याच्या उलट गोष्टी मानते : एक मूल, बारा महिने, आणि पैसा बाहेरून.

चित्रकला पोहोचली, गाणे राहिले

स्वातंत्र्यानंतर शाळा वाड्या-पाड्यांपर्यंत गेली. तिच्याबरोबर कला गेली का? एक कला गेली, असे म्हणता येईल. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा ब्रिटिश अमदानीपासून चालत आल्या आहेत आणि आज कला संचालनालय त्या घेते. तालुक्याच्या हायस्कुलात चित्रकलेचे शिक्षक असतात, परीक्षेचे केंद्र जवळ असते, शुल्क माफक असते. डोळखांबच्या किंवा टोकावड्याच्या मुलाला इंटरमिजिएटची परीक्षा माहीत असते. त्याला गांधर्व महाविद्यालयाची ‘प्रवेशिका पूर्ण’ मात्र माहीत नसते.

कारण सोपे आहे. चित्रकलेच्या मागे सरकारी परीक्षा आणि शाळेतले मंजूर पद होते. गाण्याच्या मागे पलुस्करांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये उभे केलेले अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ होते. प्रारंभिकपासून विशारद-अलंकारपर्यंतच्या त्याच्या परीक्षांनी मोठेच काम केले, पण ती खासगी क्लासांच्या जोरावर चालणारी रचना. जिथे क्लास, तिथे परीक्षा. जिथे फी देणारे मध्यमवर्गीय पालक, तिथे क्लास. कल्याण, डोंबिवली, ठाणे ही गावे तिने भरली. कल्याणहून मुरबाड सुमारे ३० किलोमीटर, पण मुरबाडला आजवर रेल्वे नाही. शहापूरला आसनगाव स्टेशन जवळ आहे, तरी तालुक्याच्या आतल्या पाड्यावरून आसनगावला येणे हाच अर्ध्या दिवसाचा प्रवास. तानसा आणि भातसाचे पाणी शहापुरातून मुंबईला रोज जाते. उलट दिशेने गाण्याचा एक मास्तर आठवड्यातून एकदाही येत नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने कलाशिक्षकाची तरतूद केली, हे खरे. पण तिचे शब्द पाहिले पाहिजेत. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक द्यावेत, असे कायद्याची अनुसूची सांगते. शंभराची अट शहरातल्या शाळेला सहज पुरी होते. डोंगरातल्या जिल्हा परिषद शाळेचा सगळा पट मिळूनही ती पुरी होत नाही. म्हणजे ज्या मुलाला शाळेबाहेर कोणताही क्लास नाही त्यालाच शाळेतही शिक्षक नाही. कायदा करणाऱ्यांचा हा हेतू नव्हता. परिणाम मात्र हाच झाला.

आश्रमशाळांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. १९७२-७३ पासून राज्यात शासकीय आश्रमशाळांचा विस्तार झाला. शहापूरला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे आणि या भागातल्या हजारो मुलांना निवास, जेवण, शिक्षण या शाळांनी दिले. त्यांनी पहिल्या पिढीला अक्षर दिले, हे कोणीही विसरू नये. पण भाद्रपदात गौरी नाचते आणि भात पिकल्यावर तारपा वाजतो, तेव्हा दहा-बारा वर्षांचे मूल वसतिगृहात असते. साखळीच्या शेपटाला लागण्याचे तेच वय असते. मूल सुटीत घरी येते तेव्हा ऋतू सरलेला असतो. मग स्नेहसंमेलनात ‘आदिवासी नृत्य’ बसवले जाते ते ध्वनिफितीवर, पोशाख भाड्याने आणून, आणि ज्यांच्या आज्यांना खरा नाच येतो त्या प्रेक्षकांत बसून तो पाहतात. शाळेने कला मारली असे मी म्हणणार नाही. शाळेने शिष्य आणि गुरू यांना वेगळ्या छपरांखाली ठेवले, एवढेच म्हणतो. आणि तेवढेही पुरते.

१९८२ ची योजना आणि तिचा हिशेब

शाळकरी वयातल्या कलावंतासाठी देशपातळीवर स्वतंत्र विचार झाला तो दिल्लीच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्रात. सीसीआरटी या नावाने ओळखले जाणारे हे केंद्र १९७९ मध्ये स्थापन झाले आणि १९८२ मध्ये त्याने सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती सुरू केली. १० ते १४ वयाची मुले. संगीत, नृत्य, नाट्य, चित्र-शिल्प आणि पारंपरिक कला. दुर्मीळ होत चाललेल्या कलाप्रकारांवर विशेष भर. तज्ज्ञांपुढे चाचणी होते. निवड झालेल्या मुलाची शिष्यवृत्ती दोन-दोन वर्षांनी वाढवत पहिल्या पदवीपर्यंत किंवा विसाव्या वर्षापर्यंत चालू राहू शकते. कागदावर यापेक्षा चांगली कल्पना सुचणे कठीण. विशेषतः तिच्यातले एक कलम फार दूरदृष्टीचे आहे : पारंपरिक कलावंतांच्या घरातल्या मुलांसाठी आणि आदिवासी मुलांसाठी राखीव जागा.

आता हिशेब करू. वर्षाला ६५० शिष्यवृत्त्या. त्यांत सर्वसाधारण ३७५, पारंपरिक कलावंत घरांसाठी १२५, आदिवासी मुलांसाठी १००, दिव्यांगांसाठी ३० आणि साहित्यासाठी २०. देशात जिल्हे सातशेहून अधिक. म्हणजे जिल्ह्यामागे एक पुरी शिष्यवृत्तीही येत नाही. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जमातींची संख्या ७०५ होती. आदिवासींच्या शंभर जागा सर्व जमातींत समान वाटल्या तर एका जमातीच्या वाट्याला सात वर्षांतून एक मूल येईल. ठाकरांचे एक, कातकऱ्यांचे एक, वारल्यांचे एक. सात वर्षांत दहा वर्षांचे मूल सतरा वर्षांचे होते.

रक्कम वर्षाला ३,६०० रुपये, म्हणजे महिन्याला ३००. शिवाय गुरूच्या फीची प्रतिपूर्ती वर्षाला जास्तीत जास्त ९,००० रुपये, म्हणजे महिन्याला ७५०. समजा मुरबाडपलीकडच्या गावातल्या एका मुलीला ही शिष्यवृत्ती मिळाली आणि ती आठवड्यातून एकदा कल्याणला गाणे शिकायला निघाली. अकरा वर्षांची मुलगी एकटी जाणार नाही. आई किंवा बाप सोबत हवा. तीनशे रुपयांचे चार आठवड्यांत भाग केले तर प्रत्येक खेपेला ७५ रुपये येतात. त्यात दोघांचे जाणे-येणे बसवायचे, आणि सोबत जाणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळीच. फीची रक्कम प्रतिपूर्तीची, म्हणजे आधी खिशातून भरायची आणि मागाहून मिळवायची. ज्याच्या खिशात ती आधीच आहे त्याला ही सोय आहे; ज्याच्याकडे नाही त्याला ती दारातच अडवते. मिरजेच्या सोळा रुपयांनी मुलाचा राहण्या-जेवण्याचा भार उचलला होता. हे तीनशे रुपये कौतुक करतात.

कातकरी मुलाचा प्रश्न तर रकमेच्याही आधी येतो. दिवाळी झाली की अनेक कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याण-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ज्या महिन्यांत चाचण्या, पत्रे, दाखले, बँकेची कामे होतात त्या महिन्यांत मूल भट्टीवर विटा उलटत असते. पत्र गावच्या पत्त्यावर येते आणि गाव बंद असते.

गुणांची वाट

राज्य सरकारने वेगळी वाट काढली. २०१७ च्या दहावीपासून शास्त्रीय कला, लोककला आणि चित्रकला यांतल्या प्रावीण्याबद्दल वाढीव गुण मिळू लागले. खेळाडूंना गुण मिळतात तर कलावंताला का नाहीत, हा साधा न्याय त्यामागे होता. लोककलेचा समावेश हा तर मानाचाच विषय. पण गुण देण्यासाठी पुरावा हवा, पुराव्यासाठी प्रमाणपत्र हवे, आणि प्रमाणपत्रासाठी मान्यताप्राप्त संस्था हवी. डोंबिवलीच्या कथक क्लासकडे यांतले सर्व असते. कांबड नाचाची संस्था कोणती? तिचा अध्यक्ष कोण, नोंदणी क्रमांक काय, आणि गेल्या पावसाळ्यात रात्रभर अंगणात चाललेल्या नाचाला ‘प्रयोग’ म्हणायचे की नाही? गुणांच्या योजनेने लोककलेला दार उघडले आणि दारावर शहरी कलेचे कुलूप तसेच राहिले.

केंद्राचा ‘कला उत्सव’ २०१५ पासून माध्यमिक शाळांसाठी होतो. जिल्हा, राज्य, राष्ट्र अशा पायऱ्यांनी मुले पुढे जातात. त्यातून आपल्याकडच्या मुलांना रंगमंच दिसतो, प्रवास घडतो, हे चांगलेच. पण स्पर्धा एका दिवसाची असते. शिष्यवृत्तीचे सार ‘नंतर काय’ या प्रश्नात आहे, आणि त्याचे उत्तर स्पर्धेकडे नसते.

आळंदीचा रस्ता

मग या दोन तालुक्यांतली गरीब मुले संगीत शिकलीच नाहीत का? शिकली. त्यांना शिष्यवृत्ती दिली ती सरकारने नव्हे, वारकरी परंपरेने. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षांचा अभ्यास, फी नाही, आणि पोटाची सोय मधुकरीवर. ज्ञानेश्वरी, गाथा यांच्याबरोबर चाल, ताल, मृदंग हेही मुलाच्या अंगी येई. आळंदीने आणि तिच्या धर्तीवर उभ्या राहिलेल्या संस्थांनी कोकणातल्या, घाटावरच्या शेतकरी घरांतल्या मुलांना जे दिले त्याला शिष्यवृत्ती म्हणत नाहीत, पण व्याख्येने ती तीच आहे : वृत्ती, शिष्यासाठी, त्याच्या शिकण्याच्या काळापुरती.

आणि आळंदीला न गेलेल्यांसाठी गावचे भजनी मंडळ आहे. तिथे मुलाला पहिल्यांदा टाळ मिळतात. लय पक्की झाली की कोणीतरी त्याला पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावायला सांगते. हे काम मिळणे म्हणजे पहिली परीक्षा पास. पुढे रूपाची चाल, अभंग, गजर, पहाटेचा काकडा. हरिनाम सप्ताहाच्या आठ दिवसांत त्याच्या हातून जेवढे वाजते तेवढे शहरी क्लासात सहा महिन्यांत वाजत नाही. शहापूर-मुरबाडच्या गावागावांत आज जे गायक-वादक आहेत ते बहुतेक याच शाळेचे.

या शाळेच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. ती मुख्यतः मुलग्यांची राहिली. पखवाजावर मुलगी बसलेली अजूनही क्वचितच दिसते. गोव्यात कला अकादमीच्या भजन स्पर्धांत बालकलाकारांचा आणि महिलांचा वेगळा विभाग असतो. त्यामुळे तिथे मुलींच्या हाती साज यायला निमित्त मिळाले. आपल्याकडे तसे निमित्त गावाने निर्माण करायचे राहिले. शिवाय या परंपरेत वारकरी संगीत जपले गेले. तारपा, कांबड, धवळे तिच्या कक्षेबाहेरच राहिले.

पन्नाशीनंतरचा आश्रय

या सगळ्या शोधात मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट सापडली ती मुलांच्या नव्हे, वृद्धांच्या योजनेत. महाराष्ट्र सरकार १९५४-५५ पासून वृद्ध साहित्यिक-कलावंतांना मानधन देते. वयाची अट पन्नाशीची. २०२४ मध्ये या योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले आणि मानधन सरसकट दरमहा ५,००० रुपये झाले. हे योग्यच आहे. आयुष्यभर ढोलकी वाजवलेल्या माणसाला म्हातारपणी हात पसरावा लागू नये. पण दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. अकरा वर्षांच्या मुलाला केंद्राकडून दरमहा ३००, तेही हजारांत एखाद्याला. पन्नाशी ओलांडलेल्याला राज्याकडून दरमहा ५,०००. मधली चाळीस वर्षे कलावंताने काय करायचे, हे दोन्ही योजना सांगत नाहीत. आणि पन्नाशीच्या माणसाकडून अकरा वर्षांच्या मुलाकडे काही जावे, अशी अपेक्षाही दोहोंपैकी एकीतही नाही.

उत्तर याच दोन टोकांना जोडण्यात आहे असे मला वाटते. त्याचे नमुने देशात आहेत. सांस्कृतिक क्षेत्र केंद्रांच्या गुरू-शिष्य परंपरा योजनेत गुरूला दरमहा ७,५००, साथीदाराला ३,७५० आणि प्रत्येक शिष्याला १,५०० रुपये अशी रचना आहे. इथे एकट्या मुलाला नव्हे, गुरू, साथ आणि शिष्य अशा सबंध मेळाला वृत्ती आहे. साखळीने नाचणाऱ्या कलेला हीच रचना मानवते. केरळमध्ये १९५७ पासून शालेय कलोत्सव भरतो आणि तो आता राज्याचा सण झाला आहे. तिथेही आदिवासी नृत्ये स्पर्धेच्या यादीत यायला २०२५ उजाडले. उशीर सर्वांनाच झाला आहे, पण उशिरा का होईना, यादी बदलता येते हे त्यातून दिसते. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण स्थानिक कलावंतांना शाळेत शिकवण्यासाठी बोलवा असे सांगते. जव्हारच्या भिकल्या लाडक्या धिंडा या तारपावादकांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे ज्या वाद्याचा सन्मान दिल्लीत होतो, ते वाजवणारा गुरू शहापूरच्या आश्रमशाळेत महिन्यातून चार दिवस बसू शकत नाही, याला नियमाखेरीज दुसरे कारण उरत नाही.

म्हणून मागण्या मोठ्या नाहीत. मानधन घेणाऱ्या कलावंताने इच्छा असल्यास जवळच्या शाळेत शिकवावे आणि त्याबद्दल त्याला वेगळी रक्कम मिळावी. आश्रमशाळांच्या सुट्यांत गौरी आणि नवान्नाचे दिवस धरले जावेत. मूल त्या दिवसांत घरी असले की निम्मे शिक्षण विनाखर्च होते. गुणांसाठी लागणारे लोककलेचे प्रमाणपत्र ग्रामसभेच्या ठरावावर मिळावे, कारण कोणाला नाचता येते हे ग्रामसभेइतके कोणालाच ठाऊक नसते. शिष्यवृत्ती मुलांच्या गटालाही मिळावी. आणि फीची रक्कम प्रतिपूर्ती म्हणून नव्हे, आगाऊ द्यावी.

शिष्यवृत्तीचा इतिहास पाहिला तर असे दिसते की, प्रत्येक काळाने आपल्याला जी कला दिसली तिलाच वृत्ती दिली. संस्थानिकांना दरबारी गाणे दिसले, शिक्षण खात्याला चित्रकला दिसली, परीक्षा मंडळांना प्रमाणपत्र दिसले. शहापूर-मुरबाडच्या मुलांची कला कोणालाच दिसली नाही, कारण ती अंगणात, रात्री, ठरावीक ऋतूत आणि सगळ्यांनी मिळून होते. दहा ते चौदा हे वय चार वर्षांत निघून जाते. ज्यांच्याकडून शिकायचे ती माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत. योजनांना सुधारायला वेळ लागतो हे मान्य. पण या दोघांपाशी, शिकणाऱ्यापाशी आणि शिकवणाऱ्यापाशी, तेवढा वेळ नाही.